पूजिल्या फटफटीची जकात

श्री जकातनाक्याची देवी प्रसन्न असो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, भाद्रपद मास. संवत्सराचे नाव ज्योतिषांनी ठेविले, त्यात आमचा दोष नाही. स्वामींनी आज्ञा केली जे, तुळाजीराव धुमाळ यांनी समुद्रापारची फटफटी आणविली, ती घरास न जाता सरकारी आवारातच कैसी राहिली, हे वर्तमान सांगोपांग लिहून धाडावे. त्यावरून सेवकाने जैसे कानी आले तैसे लिहिले. तिखटमीठ पदरचे लाविले नाही, ते या राज्यात आयतेच बहुत मिळते.

राज्याची थोरवी काय वर्णावी! राज्यात रस्ते होते आणि रस्त्यांत खड्डे होते, आणि कित्येक ठिकाणी खड्डाच जुना व नामांकित असून रस्ता त्याच्या आश्रयाने राहिला होता. राज्यात देशी फटफटी घडविणारे कारखानदारही होते, आणि त्यांची फटफटी ऐसी मानी की, धन्याने नऊ लाथा घातल्याखेरीज जागची हलत नसे. मग परदेशी फटफट्या येऊ लागल्या, तेव्हा कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले आणि ते दिवाणसाहेबांपुढे जाऊन रडले जे, "साहेब, त्यांची फटफटी पहिल्या लाथेस उठते, तिजपुढे आमचा निभाव कैसा लागावा?" मग दिवाणसाहेबांनी मोठी मसलत केली. आपली फटफटीही पहिल्या लाथेस उठेल ऐसी करावी, हा विचार इतक्या थोर मंडळींत कोणाच्याही चित्तास शिवला नाही, आणि हुकूम सुटला जे, परदेशी फटफटी अखंड आणि चालती ऐसी बंदरास आली, तर तिच्या मोलाइतकी जकात आणि वर दहावा हिस्सा घ्यावा, आणि त्या जकातीवर उपजकात घ्यावी, आणि उपजकातीवर रस्तापट्टी घ्यावी, रस्ता असो वा नसो. मात्र तीच फटफटी सुटी होऊन, तुकड्यातुकड्यांनी खोक्यांतून आली, तर शेकडा पंधराच घ्यावे, कारण की तुकडे जोडावयास देशी हात लागतील आणि हातांस काम मिळेल. ऐसा हुकूम दरबारी वाचला आणि वाहवा जाहली.

आता तुळाजीराव कोण, तर यांनी उभी हयात सरकारी टपाल देशी फटफटीवरून वाहिले, पूर आला तरी वाहिले, दरड कोसळली तरी वाहिले, आणि लाथा घालून घालून उजवा गुडघा कामास आला. त्यांचे कुटुंब सगुणाबाई. या बाईंची उभ्या जन्मात एकच हौस, जे नवऱ्यामागे फटफटीवर बसावे आणि घाट चढून माहेरी जावे. परंतु सरकारी वाहनावर बायको बसविणे मना, आणि तुळाजीराव हुकमाचे ऐसे पक्के की, बाई उन्हात पायी चालल्या आहेत आणि आपण शेजारून फटफटी ढकलीत नेत आहेत, ऐसे देखावे गावाने कैक वेळा पाहिले. मग तुळाजीराव चाकरीतून मोकळे जाहले, आणि कन्या मैनाताई परमुलुखी नांदत होती तिचे बाळंतपण आले, आणि उभयता डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि धुरीची शेगडी घेऊन समुद्रापार त्या मोहिमेवर गेले. तेथे नातवास न्हाऊमाखू घालून जाहले, आणि एके दिवशी बाजारात फिरता फिरता एका दुकानी काळी कुळकुळीत फटफटी पाहिली. तुळाजीरावांनी मोल विचारले, तो चार लक्ष. त्यांचे डोळेच विस्फारले.

"अहो, हीच आपल्याकडे अकरा लाखांना मिळते!" तुळाजीराव म्हणाले.

"मग दोन घ्या की!" सगुणाबाई बोलून गेल्या, आणि मग स्वतःच हसल्या, आणि हातातल्या पाटल्या चाचपून म्हणाल्या, "एकच घ्या. कमी पडतील तिथं ह्या घाला. एवढं सोनं अंगावर घालून कुणाच्या मागं बसायचं होतं मला?"

मग तुळाजीरावांनी सेवेअखेर मिळालेली सारी पुंजी घातली, आणि घरी परतताच पाटल्या सोनारास गेल्या, आणि दुकानदाराने फटफटी पुरती सुटी करून पाच खोक्यांत भरली आणि जहाजावर चढविली. भाद्रपदात जहाज बंदरास लागले. उभयता फटफट्या जोडणाऱ्या दाऊद मिस्त्रीस सोबत घेऊन जकातीच्या आवारात हजर जाहले. जकातदार विसाजीपंत यांनी खोकी उघडून पाहिली, तुकडे मोजले, आणि जकात साठ हजार ठरविली, शिक्का तेवढा दुसरे दिवशी मारू ऐसे म्हणाले. दुसरे दिवशी हे साठ हजार कमरेस बांधून गेले, तो पंत जेवावयास गेलेले. पंतांचे जेवण हे राज्यातील एक चालते काम होते, ते सहसा तुंबत नसे आणि लवकर संपतही नसे.

तेथे सगुणाबाईंनी गोष्ट काढिली. "उद्यापासून पितृपक्ष. पंधरवडाभर नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, आणि इथं ठेवावी तर आवाराचं भाडं रोजचं चढतंय. पूजा आज, इथंच उरकायची."

"अहो, पण खोक्यांची पूजा कशी करायची? कुंकू काय फळ्यांना लावू?"

"जोडा की मग. दाऊदभाई रिकामेच बसलेत."

"शिक्का पडायचाय अजून!"

"जकात काल ठरली ना? शिक्का काय, आज पडेल नाहीतर उद्या पडेल. मी जन्मभर कळ काढली, आता काढायची नाही. आणि सांगून ठेवते, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय मी त्या गाडीवर बसायची नाही."

ज्या तुळाजीरावांनी पुराच्या पाण्यात टपाल डोकीवर धरून पार केले, ते तुळाजीराव लिंबापुढे नमले. दाऊद मिस्त्रीचे हात तर खोकी पाहिल्यापासून शिवशिवत होते. त्याने पान्हे काढिले आणि चाके चढविली, साखळी बसविली, बाटलीतले पेट्रोल टाकीत ओतिले, आणि फटफटी आपल्या पायांवर उभी राहिली. मग सगुणाबाईंनी तीस हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, दिव्यावर स्वस्तिक काढिले आणि नारळ फोडिला, आणि आवारातले हमाल, शिपाई सारे टोप्या सावरून भोवती जमले. इतक्यात विसाजीपंत पान चघळीत आले.

तुळाजीराव लगबगीने फटफटीच्या आड येऊन उभे राहिले. परंतु पंतांनी जोडे काढिले, हात जोडिले आणि म्हणाले, "वा, वा! काय रूप आहे! वहिनी, असं साजरं ध्यान या आवारात पूर्वी आलं नाही." मग पंतांनी पेढा घेतला, घरी मंडळींसाठी दुसरा घेतला, आणि इकडे तिकडे पाहून विचारिले, "लिंबू कुठंय? लिंबावाचून पूजा अपुरी राहील हो." सगुणाबाईंस बहुत संतोष जाहला, जे माणूस धर्माचे आहे. त्यांनी ओटीतले लिंबू काढिले, ते पंतांनी आपल्या हाते पुढल्या चाकाखाली ठेविले आणि म्हणाले, "रावसाहेब, चालू तर करा. कान तृप्त होऊ द्या आमचे." मग तुळाजीरावांनी देवाचे नाव घेऊन एक लाथ घातली, आणि एकाच लाथेस फटफटी ऐसी गर्जली की गुदामाचे पत्रे थरथरले. गुडघा दुखला नाही. तुळाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्यांनी गाडी हातभर पुढे घेतली, आणि लिंबू चिरडले, आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पंतांनी सर्वांत जास्त वाजविल्या.

मग पंतांनी पानाची पिंक टाकिली, चिरडले लिंबू दोन बोटांनी उचलिले आणि शिपायाहाती दिले. "जपून ठेव रे, पुराव्याला लागेल." आणि तुळाजीरावांकडे वळून बोलिले, "अभिनंदन, रावसाहेब. वस्तू चालती झाली. आता अखंडाची जकात. चार लाख चाळीस हजार, वर उपजकात, वर रस्तापट्टी."

"पंत, काल साठ हजार ठरले होते!"

"काल तुकडे होते. आज ही उभी आहे की समोर."

"मग आत्ता मोडतो! दाऊदभाई, काढा चाकं!"

पंतांनी दोन्ही कानांस हात लाविले. "शिव शिव! पूजा झालेली वस्तू मोडायची? रावसाहेब, असं पाप आमच्या आवारात आम्ही होऊ देणार नाही. जकात भरा आणि न्या, नाहीतर स्वखर्चाने परत समुद्रापार धाडा. दोन्ही जमत नसेल तर सरकार सांभाळायला समर्थ आहे."

तुळाजीरावांनी कमरेचा कसा चाचपला, तो साठ हजार. पुंजी गाडीत गेली, पाटल्या गाडीत गेल्या, आता विकावयास राहते घर तेवढे उरले. ते मटकन खोक्यावर बसले. दाऊद मिस्त्री कोणाकडे न पाहता पान्हे पुसू लागला. मग सगुणाबाई पदर सावरून पुढे जाहल्या. 

"पंत, नुसतं बसायला जकात आहे का?"

पंतांनी बहुत विचार केला. त्यांचे मत पडले जे, बसावयास नाही, चालवावयास आहे, सबब यंत्र बंद ठेवून आवाराच्या भिंतीआत बसण्यास हरकत नाही. मग तुळाजीराव पुढे बसले, आणि सगुणाबाई मागे एका अंगाने बसल्या, आणि उभ्या जन्मात चारचौघांत कधी ठेविला नव्हता तो हात त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर ठेविला. मनगट मोकळे होते. दाऊद मिस्त्री आणि हमाल मागून ढकलू लागले, आणि ती काळी फटफटी मुकाट, भिंतीच्या कडेकडेने चालू लागली.

"हळू चालवा हो," सगुणाबाई म्हणाल्या.

तुळाजीरावांनी मागच्या हमालांस हळू ढकलण्याची खूण केली. फाटकापाशी आले, तेथून मोठा रस्ता दिसत होता, आणि त्यांच्या हातांनी आपसूक तिकडे वळण घेतले. "रावसाहेब, अलीकडून, अलीकडून," शिपाई हळूच म्हणाला. मग त्यांनी गाडी अलीकडून वळविली, आणि फेरी पुरी जाहली. सगुणाबाई उतरल्या, माळेतला निसटला झेंडू पुन्हा नीट खोवला आणि म्हणाल्या, "चला. शेवटची गाडी चुकेल."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. मागाहून लिलाव पुकारिला, परंतु जो घेईल त्याने जकात भरावी ऐसे ठरल्याकारणे कोणी फिरकले नाही. सबब फटफटी सरकारजमा, पाटल्या सोनारजमा आणि माणसे घरजमा जाहली. खजिन्यात एक कवडी पडली नाही. विसाजीपंतांस दक्षतेबद्दल बढती मिळाली. सगुणाबाईंची मात्र फुकट एक फेरी जाहली, ऐसे दिवाणसाहेबांच्या कानी गेले आहे, आणि बसण्यावरही जकात असावी की कैसे, याची मसलत चालू आहे.