तलावातल्या माशाची रीतसर नोंद

गावाबाहेरच्या तलावातले मासे कमी होत चालले आहेत, ही गोष्ट सर्वप्रथम माशांच्या लक्षात आली असावी. परंतु त्यांनी ती लेखी कळवली नाही. त्यानंतर ती अनुस्वारांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती लेखी कळवली. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

अनुस्वार हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. छत्तीस वर्षे ते छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि एवढ्या वर्षांत सुटलेला एकही अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना ती पदवी दिली होती. निवृत्त झाले तेव्हा डोळे पार थकले होते. डॉक्टरांनी सांगितले, रोज दोन तास लांबवर बघत बसा. आता पाण्याकडे नुसते बघत बसणाऱ्या माणसाबद्दल लोक त्याच्या घरी चौकशी करतात. हातात गळाची काठी असली तर कोणी काही विचारत नाही. म्हणून त्यांनी काठी घेतली आणि बघता बघता त्यांना तिचे वेड लागले.

तलावावर असे चाळीस गळवाले येत. मासे गळाला लागेनासे झाले तेव्हा अनुस्वारांनी सर्वांच्या वतीने मत्स्य खात्याला अर्ज लिहिला : आमच्याकडून वाजवी परवाना शुल्क घ्यावे आणि त्या उत्पन्नातून तलावाची निगा राखावी, मत्स्यबीज सोडावे. खात्याकडे आजवर पैसे मागणारे अर्ज येत. पैसे देऊ करणारा हा पहिलाच. आठ दिवसांत उत्तर आले. 'परवान्याचे संपूर्ण उत्पन्न मासे व मासेमार यांच्या हितासाठीच खर्च करण्यात येईल.' अनुस्वारांनी ते वाक्य तीनदा वाचले. त्यात एकही चूक नव्हती.

वर्ष गेले. शुल्क जमा झाले, मत्स्यबीज काही आले नाही. अनुस्वार परवाना कक्षात गेले. कक्षाचे प्रमुख म्हणजे त्यांचे सख्खे शालक.

"या भावोजी, बसा."

"बसायला नाही आलो. मत्स्यबीज कधी सोडणार?"

"सोडणार ना! पण सोडायला माणूस हवा. माणूस नेमायला पद मंजूर हवं, मंजुरीला प्रस्ताव हवा, आणि प्रस्ताव लिहायला मला नेमलंय. म्हणजे सुरुवात झालीच की."

"आणि वर्षभराचं उत्पन्न?"

"ते माशांकडेच निघालंय, भावोजी. वाटेत फक्त आम्ही आहोत." शालकांनी आवाज खाली आणला. "शिवाय आधी किती मासे आहेत ते मोजलंच नाही, तर उद्या वाढ झाल्याचं सिद्ध कसं करणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. अनुस्वारांना तो पटला, हे त्यांचे दुर्दैव.

मोजणी तीन दिवस चालली. इंजिनाची बोट आली, या काठापासून त्या काठापर्यंत जाळे लागले. मासे अत्यंत काळजीपूर्वक मोजण्यात आले. एकदा मोजलेला मासा चुकून पुन्हा मोजला जाऊ नये, म्हणून त्यांना पाण्यात परत सोडण्यात आले नाही. अहवालात लिहिले होते, 'तलावात २१४ मासे होते.' अनुस्वारांची नजर 'होते'वर अडखळली. पण व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर होते.

माशांची संख्या चिंताजनक असल्याचे अहवालाने सिद्ध केल्यामुळे दर परवान्यामागे वर्षाला एकच मासा, असा नियम झाला. नियम पाळला जातो का ते पाहायला राखणदार आले, राखणदारांवर पर्यवेक्षक आले, पर्यवेक्षकांची हजेरी घ्यायला साहेब आले आणि एवढ्या सगळ्यांनी बसायचे कुठे, या प्रश्नातून भवन निघाले. जागा ठरली उत्तरेच्या काठची. तिथे पाणी उथळ होते, लव्हाळे दाट होते. त्याच लव्हाळ्यात मासे अंडी घालत.

अनुस्वार तावातावाने निघाले. साहेबांनी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्यासारखा जाणकार माणूस बाहेर उभा राहून ओरडतो, हे आम्हाला शोभत नाही. तुम्ही आत या." अनुस्वार सल्लागार समितीवर मासेमार प्रतिनिधी झाले.

सभेच्या दिवशी ते कडाडून विरोध करायचा असा चंग बांधूनच गेले. मऊ खुर्ची होती, समोर नावाची पाटी होती. मग ठरावाचा मसुदा हातात आला. त्यात 'मत्स्य'ऐवजी सात ठिकाणी 'मस्त्य' छापले होते. अनुस्वारांच्या अंगावर काटा आला. त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि मान खाली घालून सातही ठिकाणी दुरुस्ती केली. मान वर केली तेव्हा साहेब बोलत होते, "मासेमार प्रतिनिधींनी मसुदा बारकाईने तपासून सात दुरुस्त्या सुचवल्या आहेत. सातही मान्य. ठराव एकमताने मंजूर."

टाळ्या वाजल्या.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे बिचाऱ्यांची अंडी घालायची जागा गेली," ती म्हणाली, "पण शुद्ध भाषेत गेली."

अनुस्वार त्या रात्री जेवले नाहीत.

भवन झाले. मासे दिसेनासे झाले तसे गळवालेही दिसेनासे झाले. चाळिसांचे नऊ उरले. उत्पन्न घटले, आणि भवनातल्या एकतीस कर्मचाऱ्यांचे पगार तर त्याच उत्पन्नातून होत. तेव्हा काठावर नुसते बसणाऱ्यांसाठी दर्शक परवाना निघाला, आणि ज्यांनी नाद सोडला त्यांच्यासाठी 'मासेमारी सोडल्याचा परवाना', दरवर्षी नूतनीकरण करण्याच्या अटीवर. तिसऱ्या वर्षीच्या अहवालात पकडलेल्या माशांची संख्या शून्य होती. तरी अनुस्वार येत राहिले. कोऱ्या पाण्याकडे दोन तास बघून परत जात.

आणि एके सकाळी गळाचे बूच बुडाले.

आधी वाटले, शेवाळ असेल. मग काठी वाकली, दोरी सरसरत गेली. पंधरा मिनिटांनी मासा काठाशी आला. हातभर लांब, पोटाने जड, अंगावरचे खवले रुपयासारखे चकचकीत. मादी होती. त्यांनी तिला पाण्याबाहेरही काढले नाही. तिथेच वाकून गळ सोडवला, क्षणभर हातांच्या ओंजळीत तोलून धरली आणि सोडून दिली. ती लगेच गेली नाही. मग गेली.

घरी येताना ते मोठ्याने गात होते. बायको दारात आली. सगळे ऐकून तिने आधी दार लावून घेतले. "हे बघा, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका. माझ्या भावाला तर मुळीच नको."

"मी कशाला सांगतोय?" अनुस्वार म्हणाले. आणि ते खरेच कोणाला काही बोलले नाहीत. पण परवान्यासोबतच्या फॉर्मवर एक रकाना होता : पकडलेले मासे. आयुष्यात त्यांनी रकाना कोरा ठेवला नव्हता की खोटा भरला नव्हता. दोन दिवस ते त्या फॉर्मभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, '१ (परत सोडली)', आणि फॉर्म परवाना कक्षात नेऊन दिला.

दुपारीच शालक धापा टाकत आले. "भावोजी, खातं वाचवलंत तुम्ही! गेल्या वर्षी शून्य, यंदा एक! शून्यावरून एक म्हणजे किती टक्के वाढ, हे कॉम्प्युटरलासुद्धा सांगता येईना!" मग त्यांचा चेहरा पडला. "पण सोडलीत कशाला हो? पुरावा होता तो."

"तिच्या पोटात अंडी आहेत."

"हो, पण नोंद व्हायला नको का?"

सोमवारी बोट आली. जाळे लागले. अनुस्वार गुडघाभर पाण्यात शिरले आणि दोन्ही हात हलवून ओरडत राहिले, "अहो थांबा! एकच आहे ती!" राखणदार काठावरून अदबीने म्हणाला, "काका, पाण्यात उतरायचा परवाना आहे का?"

दुसऱ्या दिवशी ती सापडली. तिला मोजले, तोलले, तिच्या शेपटीला क्रमांक लावला. मग साहेबांसोबत फोटो झाला, मोठ्या साहेबांसोबत झाला, आणि कर्मचाऱ्यांत नाराजी नको म्हणून एकतीसही जणांसोबत झाला. अठराव्या फोटोपर्यंत ती तडफडत होती.

साहेब म्हणाले, झाले ते एका अर्थी बरेच झाले. अशा अवस्थेत जतन करणे सोपे जाते.

आता ती भवनाच्या दालनात काचेच्या बरणीत आहे. खाली पितळी पाटी आहे : 'परवान्याच्या उत्पन्नातून संवर्धन केलेला मासा.' रविवारी सर्वांना मोफत प्रवेश असतो. पहिल्याच रविवारी अनुस्वार रांगेत उभे राहिले, बरणीसमोर मागचे लोक ढकलेपर्यंत थांबले, आणि बाहेर पडताना अभिप्राय वहीत दोनच वाक्ये लिहिली : 'ही मादी होती. हिच्या पोटात अंडी होती.'

ती वही अजून तिथे आहे, पानही कोणी फाडलेले नाही. त्या दोन वाक्यांच्या अगदी खालच्या ओळीवर, त्याच तारखेला, दुसरा अभिप्राय आहे : 'अत्यंत स्तुत्य उपक्रम. मुलांना फार आवडला.' वाचकहो, ते अक्षर तुमचे आहे.