भवानी पेठेत सर्वर उभा राहिला, त्याची हकीकत

श्री सिद्धरामेश्वर समर्थ.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वार रविवार. तिथी कॅलेंडरावर चहा सांडल्याने लागत नाही, सबब वाचणारांनी आपल्या सोयीची धरावी. ते दिवशी सोलापूर शहरी, भवानी पेठेत, वधू-वर सूचक मंडळाचे कचेरीत जो रणसंग्राम जाहला त्याचे साद्यंत वर्तमान लिहिणे प्राप्त आहे; कारण ज्यांनी पाहिले ते पोहे खाऊन घरी गेले, आणि ज्यांनी पाहिले नाही तेच आता चौकात उभे राहून सांगत सुटले आहेत. आम्ही सांगू ते खरे. जेथे खरे अपुरे पडेल तेथे पदरचे घालू, परंतु उणे ठेवणार नाही.

मंडळाच्या धनी राजमान्य राजेश्री, मंगलकार्यधुरंधर शिवबाई आत्या. वय वर्षे अडुसष्ट, पदरी तीन हजारांवर स्थळे, आणि त्यांनी जुळविलेले शेकडो नवरे अद्याप त्यांचे नावे बोटे मोडीत आहेत. त्यांची भाची चंद्रिकाबाई, वय वर्षे एकतीस, संगणकविद्येत निपुण. या बाईंचेही स्थळ आत्याबाईंनी न विचारता यादीत दाखल केले होते आणि जुन्या संगणकाचा पासवर्ड आपले कमरेच्या पिशवीत ठेविला होता. मग दर महिन्यास कोणी ना कोणी यावे, "चष्मा सोडला तर पोरगी बरी हाय की" ऐसा निवाडा द्यावा आणि निघून जावे, ऐसा परिपाठ पडला.

पुढे जुना संगणक थकला आणि नवा सर्वर आणविला. तेव्हा आत्या-भाचीत करार जाहला तो येणेप्रमाणे. रविवारी चार वाजता वरील सभागृहात मेळावा. त्याआधी नव्या सर्वरावर सर्व स्थळे दिसू लागली, तर चंद्रिकाबाईंनी आपले स्थळ आपले हाते काढावे आणि पुन्हा कोणी घालू नये. न दिसली, तर हिरवी साडी नेसून मंचावर उभे राहावे आणि माइकवर आपले नाव, शिक्षण आणि उंची सांगावी. साक्षीस गुरप्पा मुनशी, चाळीस वर्षे मंडळाचे लेखनकर्ते.

सकाळी अकरास मोहीम निघाली. चंद्रिकाबाई जुन्या संगणकावरून स्थळे उतरवून घेत होत्या, सबब सर्वराच्या नेमणुकांची, म्हणजे कोणास किती जागा द्यावी याची, फाइल त्यांनी तोंडी सांगितली आणि गुरप्पांनी टंकली. मग डेटाबेसास उठण्याचा हुकूम सुटला. डेटाबेस उठला नाही. पडद्यावर तांबडी ओळ आली की, शेअर्ड मेमरीचा तुकडा मिळत नाही, मागणी गैर.

शेअर्ड मेमरी म्हणजे काय, हे आत्याबाईंस समजावणे हीच एक स्वतंत्र लढाई होती. चंद्रिकाबाईंनी अर्ज केला की, डेटाबेसाचे पुष्कळ कारकून असतात, त्या सर्वांस बसावयास एकच मोठी सतरंजी लागते, ती शेअर्ड मेमरी. आणि ती देणारा फरासखान्याचा दरोगा म्हणजे सर्वराचा सारा कारभार पाहणारा लिनक्स. यावर आत्याबाईंनी फर्मावले, "मग वरच्या हालातली घे की. पाच-सहा पडल्यात."

मग चंद्रिकाबाईंनी मुलूख धुंडाळला, तो आदल्या दिवशीच्या तालमीत मेलेल्या एका डेटाबेसाची सतरंजी तशीच अंथरलेली सापडली. वर कोणी बसलेले नाही आणि खाली कोणास जागा नाही. ती गुंडाळून फेकली, आणि पुन्हा हुकूम सोडला, आणि पुन्हा तीच तांबडी ओळ. मग सर्वर बंद करून चालू केला. तीच ओळ. मग गुरप्पांनी सर्वरास हळद-कुंकू वाहिले आणि उदबत्ती ओवाळली. ओळ तीच, फक्त कचेरीत वास बरा आला.

अडीच वाजले. मोडनिंबहून वरपक्षाच्या दोन जीपा भरून आल्या आणि जिन्यावर चपलांचा ढीग पडू लागला. चंद्रिकाबाईंचा चेहरा उतरला. आत्याबाई साडीस दुसऱ्यांदा इस्त्री फिरवू लागल्या, तीही कचेरीतच, टेबलावर, भाचीच्या समोर. ऐसा मानसिक मारा पूर्वी कोणत्याही लढाईत कोणी केलेला नाही.

तेव्हा बाईंनी पुण्यास चुलत भाऊ विरेश यांस फोन लाविला. ते संगणकाच्या कंपनीत मोठे सरदार.

"दरोगा एका सतरंजीला किती लांबी देतो, ते बघ आधी," विरेश बोलले.

"बघितलं. दोन हजार अठ्ठेचाळीस एमबी. आणि मी मागितली पण तेवढीच. मीच सांगितलाय आकडा."

"सांगितलास तू. लिहिला कुणी?"

चंद्रिकाबाईंनी फोन कानावरून खाली घेतला. मग मान वळवून गुरप्पांकडे पाहिले. गुरप्पा उदबत्तीची राख निरखीत होते.

"मामा, शेअर्ड मेमरीपुढं काय लिवलंय?"

"तू सांगितलं तेच की."

"वाचा बघू."

"दोन हजार एकोणपन्नास."

"मी अठ्ठेचाळीस म्हणाले होते!"

"व्हय. आन् वर एक," गुरप्पा शांतपणे वदले. "लग्नाच्या कामाला पुरा आकडा लिवतंय का कोण? आहेर पाचशे एक, देणगी हजार एक. चाळीस वर्सं एक वर टाकतोय मी, तवा जुळत्यात लग्नं. तुझ्या त्या दरोग्याला एवढं पन कळंना व्हय?"

येणेप्रमाणे भेद फुटला. एका एमबीपायी दरोगा सबंध सतरंजी नाकारीत होता आणि चंद्रिकाबाई चार तास त्याच्याशी व्यर्थ झुंजत होत्या. बाईंनी एक पुसावयास हात घातला, तो गुरप्पा कळफलकावर आडवे पडले. "बेडा, बेडा!" ऐसा कानडीत नकाराचा पुकारा केला. आत्याबाईंकडे फिर्याद गेली. आत्याबाईंनी इस्त्री उभी ठेवून निकाल दिला, "गुरप्पा बराबर बोलतोय. एक काडायचा न्हाय. पंचवीस जुळायचीत आज, कुणाचं मोडलं तर तू भरून देनार का?"

घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटे. वरून माइकचे "हॅलो, हॅलो, चेक" ऐकू येऊ लागले. तेव्हा चंद्रिकाबाईंनी मसलत फिरविली: मागणी कमी होत नाही, तर दरोग्याचाच हात सैल करावा. लिनक्सची मर्यादा वाढविण्याचा हुकूम लिहावयास घेतला आणि बोलता बोलता सांगून बसल्या की, एकवीसशे करते.

"एकवीसशे एक," गुरप्पा म्हणाले.

"मामा!"

"दरोग्याचं बी लगीन व्हायचं आसंल की कवातरी."

बाईंनी दात खाल्ले आणि एकवीसशे एक लिहिले. मग तह पुरा होऊन हुकूम सुटला, आणि सतरंजी सळसळत उलगडली, आणि सारे कारकून मांडी घालून बसले, आणि तीन वाजून त्रेपन्न मिनिटांस तीन हजारांवर स्थळे पडद्यावर फोटोसुद्धा हजर जाहली. गुरप्पांनी नारळ फोडला. पाणी सर्वरावर उडू नये म्हणून चंद्रिकाबाईंनी मध्ये आपली ओढणी धरली, हे या मोहिमेतील शेवटचे शौर्य. मग खुर्ची ओढून, चष्मा पुसून, त्यांनी आपले स्थळ उघडले आणि आपले हाते कायमचे काढले.

इतक्यात होटगीच्या म्हाळसाबाई, ज्यांचे चिरंजीव युवराज रेल्वेत आहेत, दारातून हे सारे पाहत उभ्या होत्या, त्या आत आल्या.

"शिवबाई, ही बटनं बडवनारी पोरगी कुनाची वो? लई कामाची दिसती. आमच्या युवराजला आशीच पायजे. फोटो-माहिती दाखवा की."

आत्याबाईंचे डोळे लकाकले. चाळीस वर्षांची सवय. करार कोठे आणि मन कोठे. त्या लगबगीने खुर्चीत बसल्या आणि भाचीचा नोंदणी क्रमांक, जो त्यांस तोंडपाठ, एका बोटाने टंकला. डोळ्याचे पाते लवते न लवते तो सर्वराने उत्तर दिले: नोंद आढळली नाही.

आत्याबाई मिनिटभर पडद्याकडे पाहत राहिल्या. चंद्रिकाबाई भिंतीस टेकून चहा पीत होत्या.

"सर्वर लई फास्ट हाय, म्हाळसाबाई," आत्याबाई अखेर वदल्या. "थांबा. दुसरी दाखवते."

येणेप्रमाणे सर्वर उभा, स्थळ खारीज, आणि शिवबाई मिनिटभर निरुत्तर, फत्ते चंद्रिकाबाईंची. पैकी निरुत्तर हा शब्द आम्ही गुरप्पा आणि म्हाळसाबाई या दोघा साक्षीदारांस विचारून मगच लिहिला आहे, कारण त्यांचे बाबतीत तो भवानी पेठेत यापूर्वी कोणी वापरल्याची नोंद आढळली नाही. हे लिहिले प्रमाण.