गुलाबी सायकल

युसुफ मजगावकरनं गंजलेली सायकल खांद्यावरून उतरवून थेट ओटीवरच्या नव्या सतरंजीवर आडवी केली, तेव्हा सईदा मुलीच्या लग्नाचे कपडे मोजत होती. सायकलीतून सुक्या माशांचा भुगा, दोन झुरळं आणि एक खेकडा बाहेर पडला. खेकड्यानं एकदा सईदाकडे पाहिलं आणि आल्या वाटेनं परत सायकलीत शिरला. त्याला अक्कल होती.

"ही काय मय्यत आणलीस घरात?" सईदा ओरडली.

"मय्यत नाय, दौलत! बावांची सायकल. जाळ्यांच्या खोपीत टांगलेली होती." युसुफनं हँडलवरून हात फिरवला. हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं होतं. "मस्कतला मोठ्या हॉटेलात अशीच एक काचेच्या कपाटात ठेवलेली बघितलीय मी. वर दिवा, बाजूला पहारेकरी. रेसची सायकल, इटलीची! ही जावयाला द्यायची. झैनला."

झैन म्हणजे महरीनचा होणारा नवरा. पोरगा सायकलवेडा. दर रविवारी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला सायकलनं जायचा आणि तिथं समुद्र बघायचं सोडून वाटेतल्या चढांची वर्णनं सांगत बसायचा. लग्न आठवड्यावर आलं होतं. अशा जावयाला घड्याळ काय द्यायचं, असा युसुफचा सवाल होता.

"इटलीचीच कशावरून?" सईदानं विचारलं.

"पायडलच्या कण्याखाली कंपनीचा छाप असतो. फक्त वरचा रंग काढायला हवा."

आणि हा रंग काढण्याचा विचार हेच सगळ्या अनर्थाचं मूळ झालं.

हे समजायला त्या खाडीकाठच्या मोहल्ल्याची एक रीत माहीत पाहिजे. तिथं प्रत्येक घराण्याच्या होडीचा रंग ठरलेला. मजगावकरांची होडी निळी म्हणजे निळीच. दुसऱ्यानं तो रंग लावला तर तीन पिढ्या अबोला. आणि होडी रंगवून डब्यात जो रंग उरायचा तो फुकट जाऊ द्यायचा नाही, अशीही रीत. मग तो खिडकीला, पाटाला, पेटीला, कोंबड्यांच्या खुराड्याला लागायचा. एका घरात तर उरलेला रंग आजोबांच्या काठीला लावला होता आणि आजोबा बसल्या जागी होडीसारखे डुलायला लागले, असं सांगतात. थोडक्यात, मोहल्ल्यातली कुठलीही वस्तू कुणाची, हे विचारावं लागत नसे. रंग बघायचा.

युसुफनं अंगणात बैठक मारली. राकेल, चिंध्या, पॉलिश पेपर. सायकलीवर निळ्या रंगाचे इतके हात होते की फ्रेम केळीच्या खांबासारखी झाली होती. तो घासताना बावांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, आठवणी सांगत होता. बावा म्हणजे प्रामाणिकपणाचा पुतळा. एकदा बाजारात एक पापलेट जास्त आलं म्हणून ते परत करायला बावा पावस गावापर्यंत चालत गेले होते. पोचेपर्यंत पापलेट सडलं आणि त्या माणसानं ते यांच्याच अंगावर फेकलं, ही गोष्ट निराळी.

"पुरे तुझं बावापुराण," सईदा म्हणाली आणि एकदम थबकली. "युसुफ... हा खालचा रंग बघ."

निळ्याखालून हिरवा उगवला होता. साधा हिरवा नव्हे. पोपटी आणि शेवाळ यांच्या मधला, दुकानात न मिळणारा. तो एकाच घरात घोटून तयार व्हायचा. दाऊदशेट फणसोपकरांच्या. म्हणजे झैनच्या बापाच्या.

युसुफच्या हातातला पॉलिश पेपर गळून पडला. "या अल्ला! हा रंग इथं कसा?"

"कसा म्हणजे? सायकल त्यांची. तुझ्या बावांनी उचलली आणि वर निळा फासला."

"बावांनी? पापलेट परत करणाऱ्या माणसानं?"

"पापलेट वास मारतं, लपवता येत नाय. सायकल रंगवता येते," सईदा म्हणाली. "आणि आता तू व्याह्यांचीच चोरलेली सायकल व्याह्यांच्याच पोराला आहेर म्हणून देणार!"

एवढ्यात फाटक वाजलं. जेवणावळीचं ठरवायला खुद्द दाऊदशेट आले होते. युसुफनं हाताला आलं ते सायकलीवर टाकलं. दुर्दैवानं तो महरीनचा लग्नातला दुपट्टा होता. जरीच्या दुपट्ट्यातून दोन शिंगं बाहेर आली.

"बोकड आणलात काय इतक्यात?" दाऊदशेट खूश होऊन म्हणाले आणि कौतुकानं दुपट्टा वर केला.

त्यांचा जबडा खाली आला तो तसाच राहिला. पान खाल्लेलं होतं, ते ओघळून दाढीपर्यंत आलं.

"हा आमचा हिरवा," ते अखेर म्हणाले. "आमच्या बावांची सायकल! मरेपर्यंत बावा म्हणत होते, माझी सायकल गेली, माझी सायकल गेली. आम्हाला वाटलं डोस्कं फिरलं. आम्ही त्यांना मिरजेच्या डॉक्टरकडे नेलं, हो!"

"शेट, ऐका तर—"

"काय ऐकू? ज्यांच्या घरात मशिदीच्या चाव्या चाळीस वर्षं राहिल्या, त्या घराण्याचा मी. चोराच्या घरची पोर करू? लग्न राहू दे आता!"

आत दाराआड उभ्या असलेल्या महरीनच्या हातातली बशी फुटली. सईदानं तोंडाला पदर लावला. युसुफ मात्र वेगळंच काही करत होता. संकट आलं की माणूस पुरावा नष्ट करायला धावतो. तो खाली बसला आणि जिवाच्या आकांतानं तो हिरवा रंगच घासून काढू लागला. राकेल उडालं, ठिणग्या उडाल्या; राकेल आणि ठिणग्या एकत्र उडूनही घर राहिलं, हा बावांचा पुण्यप्रभाव.

"अरे, काय करतोस? आमचा रंग आहे तो!" दाऊदशेट धावले.

"होता!" युसुफ ओरडला. "हा बघा, शेट. हिरव्याखाली काय?"

हिरव्याखाली पिवळा होता. ओल्या हळदीसारखा, डोळ्यांत शिरणारा. खाडीपलीकडच्या धाकू पावसकरच्या होडीचा. धुक्यातसुद्धा भाट्याच्या पुलावरून दिसायचा.

आता दाऊदशेटनी दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. "तौबा. आमचे बावा?"

"मशिदीच्या चाव्या!" युसुफ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लग्न ठरलं तेव्हाही एवढा आनंद नव्हता.

बातमी धाकूपर्यंत कशी पोचली कोण जाणे. पिवळा एवढा भडक होता की त्यानं पलीकडून बघितला असेल. तो मासे टाकून ओल्या लुंगीनिशी आला आणि मागून पाऊण मोहल्ला आला. धाकू एरवी अंगणाबाहेर उभा राहून बोलणारा गडी. आज सरळ खुर्ची ओढून बसला.

"हात लावू नका कोणी," तो म्हणाला. "आमच्या बाबांची सायकल हाय ही. लवू पावसकर! वर्गणीची पेटी उशाला घेऊन झोपनारा मानूस. अन् तुमी दोगांनी मिळून त्याला लुटलात. ह्यानं त्याच्याकडनं, त्यानं आमच्याकडनं. चा आना जरा."

सईदानं मुकाट्यानं चहा ठेवला. धाकूनं तो साखर कमी म्हणून परत पाठवला.

यात एक चमत्कार झाला. अर्ध्या तासापूर्वी लग्न मोडायला निघालेले दाऊदशेट युसुफच्या शेजारी येऊन बसले. दोघांचे बाप एकाच पंक्तीला आल्यावर सोयरीक पुन्हा बरोबरीची झाली होती.

"व्याही," दाऊदशेट हळूच म्हणाले, "पिवळ्याखाली काय असेल हो?"

"माझ्याही मनात तेच आलं, व्याही."

धाकू खुर्चीतून उठला. "खाली काय नाय. खाली लोखंड."

"मग घासायला भीती कशाची?"

"भीती नाय. पन कशाला उगीच? लोखंडाला थंडी वाजंल."

तोवर गर्दी इतकी झाली की पावसला जाणारी एसटी पुलावर अडकली. बसमधले लोक काय झालं म्हणून उतरले, ते परत चढलेच नाहीत. शेवटी हवालदार हरिश्चंद्र शिट्टी फुंकत आले. बापानं हौसेनं हे नाव ठेवलं होतं आणि त्याला जागण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. त्यांनी काठी आपटून गर्दी हटवली, फाटकाला आतून कडी घातली आणि तिघांना ओळीनं उभं केलं.

"सायकल कुणाची?"

"माझी," तिघेही म्हणाले.

"झकास. माझ्यासमोर घासा. सगळ्यात खाली ज्याचा रंग त्याची सायकल, बाकीच्यांच्या बापांवर मी रीतसर नोंद करणार. मेलेले असले तरी. कायद्याला मरण नाही."

युसुफनं एका बाजूनं धरलं, दाऊदशेटनी दुसऱ्या. धाकू मध्ये हात घालत होता, त्याला हवालदारांनी काठीनं मागे ढकललं. पिवळा सालीसारखा सुटला. खाली राखाडी धातू चमकला आणि धाकू ओरडला, "बघा! लोखंड! आमचाच रंग पयला! लवू पावसकर की—"

त्याचं वाक्य तिथंच राहिलं. राखाडी धातूवर, बसायच्या जागेखालच्या दांड्यावर, पांढऱ्या रंगात सरकारी हातानं लिहिलेली अक्षरं होती. जप्त माल. खाली क्रमांक. खाली साल.

दाऊदशेटनी ती दोनदा वाचली.

"जहाजावरची," दाऊदशेट कुजबुजले. "त्या काळात रात्री चोरटा माल उतरायचा, घड्याळं, रेडिओ... पकडला की बंदरावरच्या गोदामात. तिथली ही!"

"सरकारी गोदाम फोडलं?" युसुफ पांढरा पडला. "धाकू, तुझ्या बाबांनी?"

"बाबांना वाचता येत नव्हतं हो!" धाकूचा आवाज रडवेला झाला. "त्येंना वाटलं असंल, मोफत माल लिवलाय!"

"आणि ती खुर्ची सोड आता," सईदा म्हणाली. धाकूनं खुर्ची सोडली.

तिघांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं. पंचनामा. सायकल ज्याच्या घरात सापडली तो युसुफ, मधला दाऊदशेट आणि पहिला धाकू, असे तिघे चौकीच्या बाकावर. लग्नाच्या दिवशी नवरीचा बाप नाही, नवऱ्याचा बाप नाही, आणि जेवणावळीचे मासे देणारासुद्धा नाही. आतून महरीनचा हुंदका आला.

"हवालदारसाहेब," युसुफनं हात जोडले. "पोरीचं लग्न आहे. माझे बावा चोर ठरले, ठरू देत. पण हे रविवारपर्यंत..."

हवालदार ऐकतच नव्हते. ते अक्षरांवर वाकले होते. एकदा चष्मा काढून बघितलं, एकदा लावून. मग टोपी काढली आणि धाकूनं सोडलेल्या खुर्चीत हळूच बसले.

"हे साल," ते म्हणाले. त्यांचा सरकारी आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ह्या साली गोदामावर रात्रीचा पहारा कुणाचा होता, माहीताय?"

"कुणाचा?"

"आमच्या वडिलांचा. अण्णांचा."

आता चौघेही सायकलीकडे बघत राहिले. सायकल मात्र एखाद्या खानदानी बाईसारखी शांत पडून होती.

"तीस वर्षं नोकरी," हवालदार म्हणाले. "घरात फोटोला रोज हार घालतो. अण्णा सांगायचे, माझ्या पहाऱ्यात सुईसुद्धा हलली नाही."

"सुई नसेल हलली," सईदा म्हणाली.

हवालदारांनी फाटकाची कडी लागलीय ना ते उठून पाहिलं. भिंतीवरून डोकावणाऱ्या एका माणसाला काठी दाखवली. मग परत येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "रंगवा. आत्ताच्या आत्ता."

युसुफ आनंदानं उठला, पण तिथंच थांबला. "कुठला?"

"तुमचा निळाच लावा की. तुमच्या घरात आहे," दाऊदशेट उदारपणे म्हणाले.

"छे छे! तुमच्या बावांची सायकल, शेट. मिरजेपर्यंत गेले बिचारे तिच्यापायी. हिरवाच शोभेल."

"माझं काय हो, मी वरचा. मुळात पिवळा होता. धाकूचा हक्क पहिला."

"माजा?" धाकू दोन पावलं मागं सरला. "माजा काय संबंध? मी मासं इकतो. मी तर ही सायकल आजच बगतोय."

सकाळपासून ज्या रंगासाठी मोहल्ला पेटला होता, तो रंग आता कुणालाच नको होता. हवालदारांनी सुचवलं, तिन्ही थोडे थोडे लावा. त्यावर तिघांनी मिळून विचारलं, मग चौथा खाकी कुठे लावायचा?

शेवटी सईदा आत गेली आणि एक डबा घेऊन आली. महरीनच्या हट्टानं तिच्या खोलीची दारं लग्नासाठी रंगवली होती, त्यातला उरलेला. गुलाबी. भडक, फालुद्यासारखा. आख्ख्या खाडीत त्या रंगाची होडी कुणाच्या बापजन्मी झाली नव्हती.

चौघांनी मिळून रंगवली. धाकूनं चाकाच्या तारासुद्धा सोडल्या नाहीत. हवालदारांनी त्या अक्षरांच्या जागी स्वतःच्या हातानं सहा हात दिले, शेवटचा तर डोळे मिटून दिला.

रविवारी निकाह झाला, जेवणं झाली, बोकडापेक्षा धाकूच्या सुरमईचं नाव झालं. पाठवणीआधी युसुफनं सायकल पुढे आणली. झैननं तिच्याकडे पाहिलं आणि तो हादरून गेला. भर मांडवात त्यानं गुडघ्यावर बसून हँडल चाचपलं, जोडांवरची नक्षी बघितली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"मामू, ही तर फार जुनी, फार भारी सायकल! पण हा गुलाबी कुणी फासला हो? हिचा मूळ रंग कुठला होता?"

असं म्हणून त्यानं अंगठ्याचं नख फ्रेमला लावलं.

मांडवाच्या चार कोपऱ्यांतून चार माणसं धावली. एक पंगतीतून उठलेलं होतं, एकाच्या हातात वाढायचा डाव होता, एकाच्या खांद्यावर बर्फाची पाटी होती आणि एक चक्क गणवेशात होतं. चौघांनी एकदम झैनचं मनगट धरलं आणि चौघे एकाच सुरात ओरडले,

"गुलाबीच!"