बाबागाडीचे ड्रायव्हर

मी तोंडानं "टण टण" केल्याशिवाय देवराव काका बाबागाडी जागची हलवत नसत. रस्त्यावरची माणसं बघत असली तरी करावंच लागे. हळू केलं तर म्हणत, "ऐकू आलं नाय."

काका आमच्या शेजारी एकटेच राहत. मूळचे देवगाव रंगारीचे, बत्तीस वर्षं लाल बस चालवून निवृत्त झालेले. माझी सई आठ महिन्यांची होती आणि तिचे बाबा नोकरीसाठी परभणीला. रोज सकाळी हर्सूलच्या तळ्याकाठी सईला फिरवायचं काम काकांनी न विचारताच आपल्याकडं घेतलं होतं. मी नुसती सोबत. म्हणजे कंडक्टर.

निघण्याआधी ते चारही चाकांवर बुक्क्या मारून बघत. समोरून कुत्रं आलं तर गाडी कडेला घेत. "त्याला साइड द्यावी, पोरी. त्याचा विमा नसतो." मी मध्येच बोलले तर म्हणत, "चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये." एकदा दांडी धरायला गेले तर हात बाजूला सारला. "पासिंजर माझ्या जिम्मेदारीवर हाय." पोर माझं, आणि मलाच हात लावायची चोरी! मनातून मी कितीदा तरी चिडायची.

त्या दिवशी वाटेकडेच्या वडाखाली कुणीतरी पाचोळा पेटवला होता. धूर सरळ फांद्यांत शिरत होता. काका थांबले, वर बघितलं. सुपाएवढं मोहोळ लोंबत होतं.

"पोरी, मागं फिर. हळू. पळू नको."

त्यांनी गाडी वळवली आणि मागचं चाक फरशीच्या फटीत अडकलं. तेवढ्यात वरून घोंघों आवाज सुटला. "मोहोळ उठलं!" कुणीतरी ओरडलं. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. माझ्या कानाला एक माशी डसली, आणि मी पळाले.

होय, पोर तिथं टाकून पळाले. वीस-पंचवीस पावलं. मग सईचं रडणं ऐकू आलं आणि मी थांबले.

वळून बघितलं. काकांनी अंगातला सदरा काढून बाबागाडीचं तोंड झाकलं होतं आणि वरून स्वतः पालथे पडले होते. उघडी पाठ माश्यांनी काळी झाली होती. मी धावत निघाले तर काका तसेच ओरडले, "तिथंच थांब! ती झाकलीय. तुला काय झालं तर तिला पाजंल कोण?"

मी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले. सई रडत होती. ती रडतेय तोवर आहे, एवढंच कळत होतं. मध्येच आवाज बंद झाला. मग पुन्हा रडली. काकांचा मात्र काहीच आवाज नव्हता.

शेवटी तळ्यावरचे दोन मासेमार ओली पोती घेऊन धावत आले. पोत्यांखाली झाकूनच त्यांनी दोघांना दूर नेलं. सईच्या अंगठ्याला एक डंख होता. काकांच्या पाठीवरचे कुणी मोजले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही." मी सईला मांडीवर घेऊन कॉटपाशी बसले. दुपार टळल्यावर काकांचे ओठ हलले. डोळे सुजून मिटलेलेच होते.

"काका," मी म्हणाले, "मी पळाले."

"पळणारच की. मी बी पळालो असतो. पर चाक अडकलं व्हतं."

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. "यांचं जवळचं माणूस कोण? सकाळी आणलं तेव्हा थोडे शुद्धीवर होते, विचारलं तर म्हणाले, सई. वय आठ. आठ वर्षांची मुलगी सही कशी करणार?"

"आठ महिने," मी मांडीकडं बोट दाखवलं.

काकांना नागपूरला मुलगा होता. नातवाचं तोंड त्यांनी एकदाच, बारशाला बघितलं होतं. हे मला त्यांनी नाही, गल्लीनं सांगितलेलं.

"बरं, नातं काय लिहू?" नर्सनं विचारलं.

काकांनी सुजलेलं तोंड भिंतीकडं वळवलं.

"नात," मी म्हणाले. "नात लिहा. सही मी करते."