सहा कामांची होडी

चौधरीबाईंनी माझ्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं नाव विचारलं नाही. तिच्या गुडघ्याची उंची विचारली.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही बोईसरला नुकतेच राहायला आलो होतो. सामान अजून जिन्यात पडलेलं, आणि वरून एक उंच, सडपातळ, साठीच्या बाई उतरत आल्या. सामानाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. पर्समधून टेप काढून त्या माझ्या मुलीसमोर उकिडव्या बसल्या. "ताठ उभी राहा गं." जमिनीपासून गुडघा, गुडघ्यापासून बगल, मग मुठीचा घेर. सगळं छोट्या वहीत लिहून घेतलं, मुलीला "थँक्यू" म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. माझ्या नवऱ्याला वाटलं, सोसायटीत शिवणकाम करणाऱ्या बाई असतील.

त्या शिवणकाम करत नव्हत्या. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनमधून त्या निवृत्त झाल्या होत्या. गाव चोपड्याकडचं. लग्न केलेलं नव्हतं. नोकरीसाठी इकडे आल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहिल्या. "तीस वर्षं मी टाक्यांची झाकणं काढली," त्या सांगायच्या. "एकाही झाकणाकडे बघून कुणी हसलं नाही." म्हणून निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी लहान मुलांच्या खेळण्याच्या वस्तू काढायला घेतल्या. काढायला म्हणजे कागदावर. वरून, समोरून, बाजूने, आणि प्रत्येक वस्तूशेजारी मापात काढलेलं एक मूल. त्या मुलाचे गुडघे आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या गुडघ्यांची सरासरी काढून ठरवलेले असत.

कुठलीही वस्तू दिसली की त्या विचारायच्या, "आणि आणखी काय होतं याचं?" भाजीवाल्याला त्याच्या क्रेटबद्दल विचारलं, वॉचमनला त्याच्या स्टुलाबद्दल विचारलं. मी मोठ्या हौसेने चपलांचं रॅक आणलं, तेव्हा मला विचारलं.

"चपला ठेवतो त्यात," मी म्हटलं.

"एवढंच?" घरात नुसता बसून असलेल्या धडधाकट भाच्याकडे बघावं तसं त्या रॅककडे बघत होत्या.

एका कामाची वस्तू ही आळशी वस्तू, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या घरात एकही आळशी वस्तू नव्हती, त्यामुळे पाहुण्यांचे फार हाल व्हायचे. एकदा आम्ही दोघं चहाला गेलो. नवरा एका ठोकळ्यावर बसायला लागला तर बाई घाईने म्हणाल्या, "थांबा, ते आज शिडी आहे." मग त्याला जिथे बसवलं ते पीठ ठेवायचं खोकं निघालं, कारण अर्ध्या चहात त्यांना पीठ लागलं आणि त्याला उठावं लागलं. टेबलाला इस्त्रीचा वास येत होता. घरी येताना नवरा म्हणाला, "त्या घरात टेकायचं तर आधी अर्ज करायला पाहिजे."

मी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बालवाडी सुरू केली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात चौधरीबाई कागदाची गुंडाळी घेऊन आल्या. माझ्या टेबलावर ती उलगडली आणि चार कोपऱ्यांवर माझ्याच चार वस्तू ठेवल्या. कागदावर एक होडी होती. साधारण पुरुषभर लांब, तळ गोलसर, मधोमध बिजागरीवर उघडणारी फळी.

"ही सहा कामं करते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. मुलीला दाखवायला आणल्यावर आईचा होतो तसा.

होडी करायची तर ती होडीवाल्यानेच, म्हणून त्यांनी दातिवऱ्याचे तांडेल शोधून काढले. तांडेल मच्छीमारांच्या होड्यांची डागडुजी करायचे. आमच्या अंगणात ते दोघं त्या कागदावर वाकून बसलेले मला अजून दिसतात.

"बाय, ही होडी पान्यात जाते?"

"नाही. जमिनीवर डुलते. दोन टोकांना दोन-दोन मुलं."

"बरं."

"उलटी केली की पूल होतो. पाठीवर पायऱ्या आहेत बघा."

तांडेलांनी हात मागे घेतला. "होडी उलटी होनं आमच्यात चांगलं नाय बोलत."

"मग तिला पूल म्हणा."

तांडेलांनी थोडा विचार केला. "पूल उलटा केला का होडी होते. तसं चालंल," म्हणाले आणि कामाला लागले.

होडी आडवी केली की दुकान व्हायची, चादर टाकली की घर. फळी तिरकी लावली की घसरगुंडी, आणि फळी उभी करून अडकवली की चित्रं काढायचा फळा. फळा पडू नये म्हणून एक लाकडी खीळ होती, बोटभर जाड, लाल दोरा बांधलेली. बाईंनी मला ती तीनदा लावायला आणि काढायला लावली. "आधी खीळ, मग मूल," म्हणाल्या. "हे माझ्यामागे म्हणा." मी म्हटलं. मला हसू येत होतं.

मुलांनी पहिल्याच महिन्यात ती होडी आपल्या ताब्यात घेतली. एका मुलाचे वडील कारखान्यातून घ्यायला आले, उलटी होडी पाहून म्हणाले, "मॅडम, ये गिर गया है क्या?" त्यांच्या मुलाने त्यांना हाताला धरून पुलावरून चालवलं. बाई रोज अकराला त्यांच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, कारण अकरा ते साडेअकरा मुलं अंगणात असायची. मुलांनी काही नवीन केलं की धावत खाली यायच्या आणि वहीत लिहायच्या. आर्या नावाची एक साडेतीन वर्षांची मुलगी आईची आठवण आली की उलट्या होडीच्या खाली जाऊन बसायची. बाईंनी लिहिलं, सात, रुसायला. "हे मला सुचलं नव्हतं," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मुलांना खजूर वाटले.

आता जे सांगायचं आहे ते मी बराच काळ कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका सकाळी प्रवेशासाठी एक जोडपं आलं होतं. मी त्यांच्याशी बोलता बोलता होडीचा फळा उभा केला. खीळ खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती, ती आणायची म्हणून वळले, तेवढ्यात त्यांनी फीबद्दल काही विचारलं आणि मी उत्तर देत बसले. फळा पडला तो आर्याच्या हातावर. दोन बोटं. दवाखान्यात टाके घातले. बोटं वाचली, एक नख गेलं, पण तिचा तो आवाज, आणि त्यानंतर तिने आईच्या खांद्यावर टाकलेली मान, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

संध्याकाळी पालक जमले. कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटत होती. आर्याच्या आईने एवढंच विचारलं, "हे कसं झालं?"

बालवाडीला सहा महिनेही झाले नव्हते. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. मी म्हटलं, "वस्तू चौधरीबाईंनी बनवलीय. मी फक्त वापरते."

चौधरीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खीळ तिथेच टांगलेली होती, लाल दोऱ्यासकट. मग त्या आर्याच्या आईकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी ही वस्तू उद्याच्या उद्या हलवते."

दुसऱ्या दिवशी तांडेल टेम्पो घेऊन आले. होडी चढवून झाल्यावर मला म्हणाले, "खीळ कुठं हाय?" मी ती खिळ्यावरून काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली.

"ही तर तुटली नाय," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि टेम्पोत बसले.

त्यानंतर चौधरीबाई खाली येईनाशा झाल्या. गॅलरीचं दार बंद, पडदा ओढलेला. जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन वाट द्यायच्या, आणि कुठल्याही मुलासमोर त्यांनी टेप काढली नाही. मी महिनाभर रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. एका रविवारी शेवटी वर गेले. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं. बसायला कुठे सांगतील म्हणून मी उभी राहिले, तर बंद गॅलरीच्या दाराशी, पडद्याला अगदी चिकटून, एक साधी खुर्ची होती. नुसती खुर्ची, दुसरं काहीही न होणारी.

"इथे कशाला?" मी विचारलं.

"अकराला बसते," त्या म्हणाल्या. "पालकांना दिसायला नको ना. दिसत नाही, पण ऐकू येतं सगळं. त्या बारीक आवाजाच्या मुलाला सर्दी झालीय का? दोन दिवस आला नाही."

त्याला खरंच ताप होता. मला तिथेच रडू आलं. म्हटलं, "बाई, खीळ मी लावली नव्हती."

"ठाऊक आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही विसरलात हे खरं. आणि माणूस विसरणार हे मी धरून चालायला हवं होतं, हेही खरं. शिकवणाऱ्या बाईंच्या आठवणीवर चालणारी वस्तू मुलांना द्यायची नसते. दातिवऱ्याच्या अंगणवाडीत ती होडी दिलीय आता. फळी काढून टाकली. रुसायचं धरून पाचच कामं करते, पण कुणाचं बोट जाणार नाही."

"मी उद्या पालकांना सांगते."

"नका सांगू," त्या पटकन म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "दोघं-चौघं मुलं काढून घेतील. मग बाकीचे काढतील. बालवाडी बंद पडली तर मी ऐकू काय?"

मी त्यांचं ऐकलं. त्यांचा मान राखला असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना साडेअकराऐवजी पावणेबारापर्यंत अंगणात ठेवायला लागले. जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे माझ्याकडून एवढंच झालं.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. जिने होईनात. भाऊ येऊन त्यांना चोपड्याला घेऊन गेला. घरातल्या त्या सगळ्या दुहेरी-तिहेरी वस्तूंचं काय करायचं ते भावाला कळेना, तर त्याने त्या तशाच टेम्पोत भरल्या. निघताना त्या माझा हात हातात घेऊन उभ्या होत्या, पण आजूबाजूला माणसं होती, आणि मी पुन्हा काही बोलले नाही.

त्या गावी गेल्यावर मला सांगायचं धैर्य आलं. तेव्हा त्यात धैर्याचं काही उरलं नव्हतं. आर्या पहिलीत गेली होती. तिची आई मला बाजारात भेटली, तिथेच कडेला घेऊन मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या जिन्यात भेटल्या की मी तोंड फिरवायचे," ती म्हणाली. "वर्षभर. एकदा त्यांनी आर्याच्या बोटाला कसं आहे विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. बाई, तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं."

मी बालवाडीतही पालकांची बैठक घेऊन सांगितलं. एका घरातून मुलगा काढून घेतला. बाकी राहिले. एवढ्याची मला भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोपड्याला फोन लावला. चौधरीबाईंचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, सगळ्यांना सांगितलं, आर्याच्या आईलाही. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, काही विचारतील. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, औषधांची केली.

"इथे आजूबाजूला सगळी म्हातारीच माणसं आहेत," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही अंगणात आहात का?"

"हो."

"कोण रडतंय ते?"

"स्वरा. नवीन आहे. तिला झोक्यावर पहिला नंबर पाहिजे."

"मग द्या ना तिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा तिच्याकडे. फोन ठेवू नका फक्त."

मी फोन ओट्यावर ठेवला, चालूच, आणि स्वराकडे गेले.