आधी पडायला शिका

जपानी कुस्ती शिकायला निघालेल्या तमाम नवशिक्यांनी आधी मला येऊन भेटावं! रहिमतपूरच्या आसपास या विषयातला माझ्याइतका जाणता माणूस सापडायचा नाही. सबंध सातारा जिल्ह्यात म्हणालो असतो, पण जिल्हा मोठा आहे.

प्रकरण सत्तेचाळीस सालचं, आणि माझ्या लग्नाचं. मला मुलगी पसंत होती, चंद्रा. तिलाही मी पसंत आहे असं तिच्या मावशीकडून कळलं होतं. घोडं अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. हंबीरराव म्हणजे एके काळचे नामांकित पैलवान. "आजवर माझी पाठ कुनी जमिनीला लावली न्हाई," हे ते बाजारात, देवळात आणि मयतीलासुद्धा सांगायचे. लोक तर म्हणत, खाटेवरही ते कुशीवरच झोपतात! अशा माणसाला मॅट्रिक पास आणि बरगड्या दिसणारा जावई कसा रुचावा? "यात्रंपतुर पोरगं अंग धरतंय का बघू. न्हाई धरलं तर दुसरं स्थळ हाय," असं म्हणून ते उठून गेले.

मी यात्रेचे दिवस मोजू लागलो.

तेवढ्यात आमचा आकाराम हवालदार महायुद्धानंतर पलटणीबरोबर जपानात राहून गावी परतला. तिथं पलटणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला गुपचूप एक विद्या दिली होती. ऐकिडो तिचं नाव.

"ताकद लागत न्हाई गड्या," आकाराम म्हणाला. "फुडच्याचीच ताकद घ्यायची आन त्यालाच परत द्यायची!"

माझ्याजवळ ताकद नव्हतीच. म्हणजे ही विद्या माझ्यासाठीच निघाली होती! यात्रेत हंबीररावांच्या डोळ्यांदेखत एखादा दांडगा गडी आडवा करायचा आणि तिथल्या तिथं मुलगी मागायची, असा बेत मी पक्का केला.

दुसऱ्या दिवशी लंगोट कसून खळ्यावर हजर झालो. आकारामनं उसाचं पाचट अंथरून ठेवलं होतं.

"पड," तो म्हणाला.

"कुणाला पाडू?"

"पाडू न्हाई रं, पड! आदी पडायचं शिकायचं."

"अरे, पडायचं काय शिकायचं? लहानपणापासून पडतोय मी!"

"तसं न्हाई. हनुवटी छातीला लाव, पाठ गोल कर, हात भुईवर आपट. कुनी मनगट धरलं की आडायचं न्हाई, त्याच्यासंगं जायाचं."

नवशिक्यांनो, इथंच सावध व्हा! आमच्याकडं पाठ जमिनीला लागणं म्हणजे नाक कापलं जाणं. तालमीतली पोरं झोपेतसुद्धा पालथी पडतात. आणि मी त्याच मातीत रोज आपण होऊन पाठ टेकत होतो! वर पाचट अंगाला असं ओरबाडायचं की रात्री आई हळद लावून थकायची. पडण्याआधी गुडघ्यावर बसून समोर नमस्कार घालायचा. समोर कुणी नसलं तरी घालायचा. गुडघे तर असे धरले की शेजारचे तात्याबा आजोबा मला "बस बाबा, दमला असशील" म्हणू लागले.

पण विद्या अंगात भिनत चालली होती. आकाराम शेतावर गेला की मी एकटाच सराव करायचो. नमस्कार, धाडकन पडणं, हात आपटणं, उठणं, पुन्हा नमस्कार.

हे सगळं शेजारच्या रंगूबाईनं कुडावरून बघितलं.

"आगं बनुबाई," ती आमच्या आईला म्हणाली, "तुज्या लालाला फेफरं येतंय! हात झाडतंय, पडतंय, आन उठून देवाला पाया पडतंय बिचारं!"

आईनं नाही नाही म्हणेपर्यंत बातमी वेशीबाहेर गेली. मी दिसलो की लोक मला हुंगवायला म्हणून कमरेला चाचपून कांदा काढायला लागले. बाजारात ओल्या फरशीवर माझा पाय घसरला. मी सवयीनं हनुवटी आत घेतली, गोल पडलो आणि हात आपटला. डोळे उघडतो तो तोंडावर कांदे, आणि एक भलीमोठी कोल्हापुरी चप्पल!

"आरं, शिकतोय मी!" मी ओरडलो.

"आसं बरळतंयच त्ये," चप्पलवाला म्हणाला आणि चप्पल आणखी जवळ आणली.

बातमी हंबीररावांच्या कानी जायला कितीसा वेळ? दुसऱ्याच दिवशी ते आमच्या खळ्यावर आले. मागून आकाराम, रंगूबाई, अर्धं गाव. मी नुकताच नमस्कार घालून उठलो होतो. आता तोल सोडणार, इतक्यात हंबीररावांनी धावत येऊन मला सावरायला माझं मनगट धरलं.

मनगट धरलं की काय करायचं, हे माझ्या हाडात बसलं होतं. मी गेलो! पैलवानाची पकड ती, सुटते थोडीच? माझ्यामागोमाग हंबीरराव गेले, माझ्यावरून उलटले आणि धप्पकन उताणे पडले. पाचटावर. अख्ख्या पाठीनं!

 रंगूबाईच्या हातातला कांदा खाली पडला.

मी पडल्या जागी विचार करत होतो. फेफरं आहे म्हणावं, तर मुलगी गेली. नाही म्हणावं, तर मी सासऱ्याला चीत केलं, म्हणजे मुलगीही गेली आणि बहुधा मीही! चंद्राच्या आठवणीनं मला अगदी रडू आलं.

"आबा," मी ओरडलो, "माझी पाठ आधी लागली! कुस्ती तुमी मारली!"

हंबीरराव सावकाश उठून बसले. "व्हय का रं हवालदार?"

"आवं, समद्या गावानं बघितलं," आकाराम म्हणाला. "लालाची पाठ आदी लागली. कुस्ती सुटल्यावर पैलवान कुटं का लवंडंना!"

हंबीररावांनी मिशीतलं पाचट काढलं. मग मला उलटासुलटा करून माझी मान, टाळू, कोपरं तपासली. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.

"जल्मभर मानसं पाडली," ते म्हणाले, "पर इतकं नीट पडल्यालं मानूस बघितलं न्हाई. ह्येला फेफरं म्हंतीय कोन? फेफऱ्याचं मानूस डोस्कं फोडून घेतंय! रंगूबाई, त्यो कांदा कालवनात घाल. लेक दिली!"

यात्रेआधीच लग्न झालं. सगळं पार पडल्यावर मी छाती काढून आकारामकडं गेलो. "चल, आता पुढचा धडा दे. पाडायचा!"

आकाराम मान खाजवू लागला. "फुडचा? गड्या, म्हाताऱ्यानं मला रोज पाडलं, तेवढंच मी शिकलो. मग पलटन निघाली. पाडायचं कसं ते त्यालाच ठावं!"

तेव्हा नवशिक्यांनो, गुरूला आधी विचारा, तुझं शिक्षण कुठवर झालंय!

घरी आलो तर चंद्रा वाटच बघत होती.

"शिकून आलासा फुडचं?"

"आलो की!" आता काय सांगणार?

तिनं पदर खोचला. "मग दावा बगू. आबांनी मलाबी दोन डाव शिकिवल्यात."

मी गुपचूप पाचट आणायला गेलो.