फक्कीचं घर

घर आखावं तर आम्हीच! सन अठ्ठ्याण्णवमध्ये अख्ख्या वर्ध्यात हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. म्हणून तर शहरविकास आणि घरबांधणी शिकवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मॅडम मला पारखायला थेट युरोपातून आल्या होत्या. पसंत पडलो तर सहा महिने तिकडे शिकायला! माझ्यासारख्या ओव्हरसीयरनं विमान तोवर मान वर करूनच पाहिलेलं.

मॅडमची अट एकच, आराखडा साध्या माणसाला समजला पाहिजे. हात्तिच्या! मी नालवाडीच्या मोकळ्या मैदानावर सकाळीच पांढरी फक्की टाकून पूर्ण मापाचं घर आखलं. बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी, सगळं.

पण त्या काळात नालवाडीत फक्कीच्या रेघा दिसल्या की लोक एकच समजायचे : लेआउट पडला, प्लॉट निघाले! मॅडमना घेऊन पोहोचतो तो मैदानात ही गर्दी! आणि माझ्या स्वयंपाकघरात मांडी ठोकून साक्षात आमच्या सासूबाई, विमलाबाई!

"आई, उठा! हे विकायचं नाही!"

"मले येडी समजून राह्यले का, जवाईबापू? पयले मी बसली. हा प्लॉट काजलच्या नावानं घेतो."

काजल म्हणजे आमची बायको. तीही बैठकीत उभी राहून पडद्याचा रंग ठरवत होती!

मॅडम कौतुकानं रेघ ओलांडून आत आल्या. सासूबाई कडाडल्या, "अवो बाई! भीत वलांडून काऊन येता? दरवाजा तिकडं हाये!"

मॅडमना शब्द कळले नाहीत, बोट कळलं. त्या मुकाट्यानं वळसा घालून, बूट काढून दारातून आल्या. सासूबाई खूश! शेजारून स्टोव्ह आला, चहा झाला. प्लॉट विकायचे नाहीत हे एव्हाना सगळ्यांना पटलं होतं, पण हलतंय कोण? "न्हाणी चुलीपाशी काऊन?" "खाट कुठं टाकाव?" करत लोकांनी पायानं रेघा पुसून माझ्या भिंती सरकवल्या. माझं घर मलाच ओळखू येईना. गेला युरोप!

मॅडमचे डोळे मात्र पाणावले होते. "लोक स्वतःचं घर स्वतः आखताहेत! हे आमच्या वर्गात शिकवता येत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"मग माझी निवड पक्की?"

"तुम्ही कशाला येता? आमचे विद्यार्थीच इथे पाठवते!"

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी हातच जोडले. "बरं झालं! माह्या पोरीले सोडून आता जवाई कुठं जात नाई. त्या लेकरायले घरीच ठेवजा, हाटेलात काऊन खातीन?"

तेव्हापासून दर हिवाळ्यात देशोदेशीची पाच-सहा पोरं आमच्या दोन खोल्यांत उतरतात. कमी जागेत सगळ्यांना कसं सामावून घ्यावं, हे मी त्यांना दिवसभर शिकवतो. मग जेवणं झाली की सतरंजी उचलतो आणि कुडकुडत गच्चीवर झोपायला जातो!